काळी टाकी भरू नकोस

प्रिय मधू,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

दीड वर्ष तुला पत्र लिहिले नाही, त्याची सबब शोधण्यात पहिला तास गेला आणि टिकेल अशी एकही सापडली नाही. गुडघा होता तसाच आहे. तब्येतीची बातमी एवढीच. लिहिण्याचे कारण निराळे आहे, आणि ते वाचण्याआधी एक काम कर. एअर रायफलमध्ये हवा भरायची तुझ्याकडची ती काळी, कार्बन तंतूंची टाकी आहे ना, तिच्यात हवा भरू नकोस, आणि भरलेली असेल तर तोंड स्वतःकडे येणार नाही अशी ती आडवी टेकवून, झडप अगदी सावकाश उघडून रिकामी कर. मग पुढचे वाच.

आपली चंदेरी टाकी गेली. परवा तिला चाचणीला नेले. तपासनिसाने झडप काढली, आत दिवा सोडला, मानेतल्या आट्यांवरून एडी करंटची, म्हणजे विजेच्या प्रवाहाने तडे शोधणारी, दांडी फिरवली आणि मला जवळ बोलावून आरशात एक रेघ दाखवली. आधी ती मला दिसलीच नाही. एकदा दिसल्यावर दुसरे काही दिसेना. टाकी १९८४ची, ६३५१ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची. या मिश्रधातूवर ताण सतत राहिला, तर मानेजवळ धातूच्या कणांच्या सीमांवरून तडा मुंगीच्या पावलाने पुढे सरकू शकतो. त्यासाठी टाकी वारंवार भरावी-रिकामी करावी लागत नाही. नुसती भरून ठेवली तरी पुरते. मोठ्या उत्पादकांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ६३५१ सोडून ६०६१ हा मिश्रधातू धरला, तो याच कारणाने. आणि तू काय म्हणायचास? ‘भरलेली टाकी म्हणजे निश्चिंती.’ तुझ्या त्या निश्चिंतीपायी ती अकरा वर्षे २०७ बारला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशे पट दाबाला, भरून कपाटात उभी होती, आणि त्याच कपाटाला टेकून आपण पत्ते खेळत होतो. हा वाद मी जिंकलो असे समजायला हरकत नाही, पण जिंकल्याची नोंद कुठे करू ते मला कळत नाही.

तुझे लाडके पोलादही निर्दोष नाही, हे लगेच सांगून टाकतो. काँप्रेसरची गाळणी थकली की हवेबरोबर ओलावा आत जातो, तो तळाशी साचतो आणि तिथे गंजाचे खड्डे पडतात. प्रत्येक भरणीचा ताण मग त्या खड्ड्याच्या बुडाशी एकवटतो आणि पुन्हा पुन्हा ताण पडून येणारा थकव्याचा तडा तिथूनच सुरू होतो. श्वसनाच्या टाक्यांत तर हा गंज आतला प्राणवायूही खात बसतो. पण पोलादाचा एक गुण मी मानतो. ते चिवट असल्याने तडा भिंतीच्या आरपार गेला तरी पुष्कळदा आधी गळती लागते, आणि माणसाला काही तरी कळते.

आता काळ्या टाकीविषयी. नेमबाजीच्या निवड स्पर्धेच्या पहाटे गाडीच्या मागच्या फळीवरून ती मीच पाडली, मधू. छातीएवढ्या उंचीवरून, सिमेंटच्या पायरीच्या कडेवर, खांद्याच्या जरा खाली. मी ती पुसली, फिरवून फिरवून पाहिली, ओरखडासुद्धा नव्हता. फक्त दाबमापकाची काच फुटली होती. ती दिन्याने फोडली असे सगळ्यांनी धरले, आणि तो बिचारा तीन दिवस शपथा घेत राहिला. मी त्या वेळी बूट बांधत होतो, असे माझे अधिकृत निवेदन होते.

ओरखडा नव्हता म्हणून मी इतकी वर्षे निर्धास्त राहिलो. परवा तपासनिसाशी बोलताना कळले की नेमका तोच भरवसा फसवा आहे. धातूला मार बसला की पोचा राहतो, आणि त्या पोच्यातच मार किती लागला याची साक्ष असते. कार्बनच्या टाकीत आतले अ‍ॅल्युमिनियम पातळ असते आणि त्याचे मुख्य काम हवा कोंडून ठेवणे हे असते. ताण बहुतांशी त्यावर गुंडाळलेले, इपॉक्सी या घट्ट राळेत बसवलेले तंतू पेलतात. मार बसला की तंतूंचे हे वेटोळे क्षणभर आत दबते आणि पुन्हा पूर्ववत होते, पण तेवढ्यात थर एकमेकांपासून सुटलेले आणि काही तंतू तुटलेले असू शकतात, वरची चकाकी मात्र जशीच्या तशी. कार्बनचा तंतू पोलादासारखा ताणून लांबत नाही. जेमतेम दीड-दोन टक्के लांबतो आणि तुटतो, त्यामुळे तो इशारा देईल ही आशाच नको.

तपासनीस भला माणूस होता, त्याने मला धीरही दिला. अमेरिकी मानकात अशा टाकीचा फुटण्याचा दाब भरण्याच्या दाबाच्या ३.४ पट तरी असावा लागतो, म्हणून एका पडण्याने ती फुटलीच पाहिजे असे मुळीच नाही. ही खरी गोष्ट आहे, आणि ती मी स्वतःला रात्री चार वेळा सांगितली. पण ६.८ लिटरची टाकी ३०० बारला भरली की तिच्यात सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा कोंडलेली असते, म्हणजे साधारण १०० ग्रॅम टीएनटी या स्फोटकाएवढी, हे गणितही मीच मांडले आणि त्यानंतर झोप आली नाही. हायड्रो टेस्टला, म्हणजे टाकीवर जादा दाब देऊन बघण्याच्या चाचणीला, पाणी वापरतात ते यासाठीच: पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे टाकी तिथे फाटली तरी धमाका होत नाही. मात्र नुसत्या त्या चाचणीवर विसंबू नकोस. आत सुटलेले थर घेऊनही टाकी एकदा उत्तीर्ण होऊ शकते. तुटणाऱ्या तंतूंचा आवाज टिपणारी ध्वनी-उत्सर्जन चाचणी जमत असेल तर ती करून घे, आणि तपासनिसाला मार कुठे बसला ते स्पष्ट सांग: लेबलाच्या विरुद्ध बाजूला, खांद्यापासून चार बोटे खाली. लेबलावरची तारीखही बघ. अशा पुष्कळ टाक्यांना निर्मितीपासून १५ वर्षांचेच आयुष्य दिलेले असते, आणि आपली त्या आकड्याच्या आसपास आली असणार.

एक जुने भांडण उकरतो, रागावू नकोस. झडप बदलताना तुझा ‘बसते ना, मग झाले’ हा बाणा चिन्मयला शिकवू नकोस. २५ मिलिमीटरचे मेट्रिक आटे आणि पाऊण इंची आटे इतके सारखे दिसतात की चुकीची झडपही फिरत बसते, दाब धरते, आणि मग एके दिवशी गोळीसारखी सुटते.

चिन्मयची निवड झाल्याचे कळले, अभिनंदन. वहिनींच्या बदलीचे काय झाले ते कळव. चिन्मय रोज सकाळी ती टाकी छातीशी धरून रायफल भरतो, असे तू फोनवर कौतुकाने म्हणाला होतास. तेव्हा मी नुसता ‘छान, छान’ म्हणालो होतो.

नव्या टाकीचा खर्च माझा, त्यावर वाद नको. शिव्या लेखी पाठव, फोनवर माझ्याकडून उत्तर जाईल. दिन्याला वेगळे पत्र लिहायला घेतले आहे, पण त्याच्या मायन्यापुढे अजून सरकलेलो नाही.

तुझा,
बाळू