डावखुऱ्या मित्राच्या कलम-चाकूसाठी, भट्टीवरच्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या भट्टीवर घडलेला चाकू माझ्या मित्राच्या हातात पोचला आणि या पावसाळ्यात त्याने आंब्याची सगळी कलमं त्याच चाकूने बांधली. हे समक्ष सांगायला मी येणारच आहे. पण तुमच्याकडे लोक येतात ते कोयतीला पाणी द्यायला नाहीतर पहारीला टोक काढायला. तुम्ही मला काय दिलंत ते आणखी चार लोकांनाही कळावं, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहितोय.

मित्र दापोलीकडचा. नर्सरीत कोय कलमं बांधतो, आणि डावखुरा आहे. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पावसाच्या तोंडावर कोयी वाफ्यात रुजत घालतात. रोप पंधरा दिवसांचं, तांबूस पानांचं, अगदी कोवळं असतानाच कोयीसकट काढून घेतात, शेंडा छाटतात आणि दांड्यात चार-पाच सेंटिमीटरचा उभा काप घेतात. हापूसच्या काडीला तेवढ्याच लांबीची पाचर काढायची, ती कापात बसवायची, वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सगळी कला त्या पाचरीत. ती एका ओढीत निघाली पाहिजे. चाकू दुसऱ्यांदा फिरवावा लागला की कापाला उंचवटा राहतो, सालीखालचे हिरवे थर एकमेकांना टेकत नाहीत आणि कलम बसत नाही.

आता कलमाचा चाकू एका अंगाला सपाट असतो, दुसऱ्या अंगाला त्याला उतार दिलेला असतो. सपाट अंग काडीला टेकतं, म्हणून काप सरळ येतो. बाजारात बहुतेक मिळतो तो उजव्या हाताचा. डाव्या हातात धरला की उतार काडीकडे येतो, पातं वर उचललं जातं आणि काप वाकडा पडतो. माझा मित्र वर्षानुवर्षं मनगट पिळून तो सरळ करत आलाय. दिवसाला शेकडो कलमं, आणि प्रत्येक कलमाला तेच. त्याचं मनगट संध्याकाळी कसं होतं ते मी पाहिलंय.

हे सगळं तुमच्या दारात उभं राहून मी घाईघाईने सांगितलं आणि विचारलं, पातं कोणत्या लोखंडाचं घेऊ? तुम्ही म्हणालात, "लोखंडाचं मागाहून बघू. तो बसून काम करतो की उभ्यानं? काडी ओढतो की चाकू ओढतो?" मला सांगता येईना. तुम्ही म्हणालात, जा आणि त्याची जुनी मूठ कुठे झिजलीय ते बघून ये.

काका, तुमचे आभार मानायचे ते मुख्यतः या एका गोष्टीसाठी. मी वस्तू बनवायला निघालो होतो, तुम्ही मला आधी माणसाकडे पाठवलंत. त्याच्या घरी जाऊन, चहा घेता घेता तो चाकू सहज हातात घेऊन पाहिला. अंगठा टेकतो तिथे लाकडाला खळगा पडला होता आणि मागच्या टोकाला करंगळीजवळ मूठ जवळजवळ कोरी होती. म्हणजे मूठ त्याच्या हाताला लांब होती, आणि सगळा जोर अंगठ्यावर येत होता. बाजारातल्या कुठल्याही मापात हे सापडलं नसतं.

पात्यासाठी तुम्ही झिजलेली कानस काढलीत. सहाणेच्या चाकावर टेकवून ठिणग्या दाखवल्यात. फुलबाजीसारख्या फुटल्या, तेव्हा म्हणालात, हे आतपर्यंत पोलाद आहे, नुसती वरची कातडी नाही. मग ती लाल करून रात्रभर राखेत पुरून ठेवली, सावकाश निवून मऊ व्हावी म्हणून. ऐरणीवर पातं ताणण्याचं काम तुम्ही सहज अर्ध्या तासात उरकलं असतं. पण हातोडा माझ्या हातात दिलात आणि सांडस तुमच्या हातात ठेवलीत. "दोस्तासाठी आहे ना? मग तूच मार." कुठे मारायचं ते फक्त डोळ्यांनी दाखवत होतात. घासून उतार काढण्याचं कामही माझंच. डाव्या अंगाला उतार, उजवं अंग काचेसारखं सपाट, हे तुम्ही बोट फिरवून पुन्हा पुन्हा तपासत होतात.

पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं पातं एकदम निववून कडक करायचं काम मात्र तुम्ही स्वतः केलंत, आणि ते बरं झालं. दार लोटून अंधार केलात, कारण उन्हात लोखंडाचा रंग फसवतो. चुंबक लावून पाहिलात. चिकटेनासं झालं तशी थोडी आच आणखी दिलीत आणि पातं कोमट तेलात सरळ उभं सोडलंत. पाण्यात बुडवलं असतं तर एवढं पातळ पोलाद तडकलं असतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. त्यावर मी खूश झालो, तर तुम्ही थांबवलंत: आता हे कडक आहे पण ठिसूळ आहे, खाली पडलं तर मोडेल. पातं घासून पांढरं केलंत आणि पाठीकडून हळूहळू तापवलंत. फिकट पिवळा रंग धारेकडे सरकत आला, गडद झाला, तांबूसपणा यायच्या आत तुम्ही ते आचेवरून काढलंत. तेवढ्या दोन-चार क्षणांच्या नजरेसाठी माणसाला आयुष्य भट्टीपुढे काढावं लागतं. मला ते जवळून बघायला मिळालं, याचेही आभार.

मूठ खैराची केली, आखूड, अंगठ्याला जागा ठेवून. त्याने पहिली पाचर काढली आणि काहीच बोलला नाही, दुसरी काडी घेतली, मग तिसरी. नंतर म्हणाला, "हात वळवावाच लागत नाय रे." रात्री मनगट दुखत नाही असं त्याच्या बायकोनेही मला फोनवर सांगितलं.

तुम्ही माझ्याकडून कोळशाच्या पैशांपलीकडे काही घेतलं नाहीत. मित्राला हे कळल्यावर त्याने त्याच चाकूने तुमच्यासाठी एक कलम बांधलंय. हापूस तुमच्या दारात आहेच, म्हणून रत्नाचं: वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेलं, १९८१ सालचं वाण. फळात साका होत नाही, म्हणजे आतला गर पांढरट, भुसभुशीत पडत नाही. सध्या ते पिशवीतच वाढू दे असा त्याचा निरोप आहे. पुढच्या जूनमध्ये मी घेऊन येईन, आपण दोघं मिळून लावू. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, खुंटावर, म्हणजे जोडाखालच्या मूळ रोपावर, फुटवा आला तर लगेच काढायचा, आणि पहिली तीन वर्षं मोहोर आला तरी खुडून टाकायचा.

आपला,
कानसवाला