ठाण्यातल्या ज्यू इतिहासाच्या क्लासवाल्यांनो, थँक्यू!

बेने इस्रायलींचा, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा, इतिहास शिकवणारा आमचा संध्याकाळचा क्लास संपला, आता नावं न घेता आभार मानतोय कारण नावं घेतली तर तुम्हीच ओरडाल. वर्गात बहुतेक सगळे पन्नाशीपुढचे, त्यामुळे रोज खुर्च्या लावणाऱ्या त्या दोन पोरांना आधी सलाम!

ज्या काकांनी 1846 साली मुंबईत छापलेल्या मराठी हगादाची (वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकाची) झेरॉक्स कुठून तरी मिळवून आणली त्यांना काय बोलू, हिब्रूच्या जोडीला आपली मराठी बघून मागच्या बेंचवरचेसुद्धा गप्प झाले (ते सहसा होत नाहीत). टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युअल दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधलं ही गोष्ट ज्या मावशींनी रंगवून सांगितली त्यांनी नंतर मलिदापण खाऊ घातला, पोहे, गूळ, ओलं खोबरं, म्हणजे डबल थँक्यू.

सगळ्यात अवघड तास चालू घडामोडींचा. बातम्यांवरून आवाज चढायचे. पण शिकवणाऱ्या ताईंनी एकदा पण कुणाला खाली बसवलं नाही, उलट इस्रायलला गेलेल्या आपल्याच लोकांना लग्नासाठी तिथल्या धर्मगुरूंनी ज्यूपण सिद्ध करायला कसं लावलं आणि 1964 पर्यंत त्यांना कसं भांडावं लागलं ते सांगितलं, मग वाद जरा जमिनीवर आला. माझ्या मते हाच तास बेस्ट होता.

आणि हो, उशीर झाला की म्हाताऱ्यांना स्टेशनवर सोडणारे रिक्षावाले दादा, तुमचे पैसे अजून बाकी आहेत, फोन उचला!