भाड्याच्या घराच्या चिमणीत पक्षी अडकला तर बघायचं कोणी?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या भाड्याच्या घरात किचनच्या चिमणीत एक साळुंकी अडकली. तिला बाहेर काढायला जवळजवळ एक दिवस लागला आणि त्यातला बराचसा वेळ 'हे काम भाडेकरूचं की मालकाचं' ह्या फोनाफोनीत गेला, म्हणून हे पत्र.

शनिवारी संध्याकाळी वरून खडखड ऐकू आली, आधी वाटलं उंदीर असेल, मग पंख आपटल्यासारखा आवाज आला. मी स्वयंपाकाला लागले होते, चिमणीच्या बटणाकडे हात गेलाच होता, मुलीने ओरडून थांबवलं. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो, कारण आत पंखा असतो आणि पक्षी त्याच्या किती जवळ आहे ते खालून कळत नाही. मग मेन स्विचच बंद केला, चुकून कोणी बटण दाबायला नको म्हणून.

आपण म्हणतो की आला तसा जाईल की बाहेर, पण तसं होत नाही. साळुंक्या, चिमण्या हे पक्षी भोकात, पोकळीत घरटं करणारे, त्यांना भिंतीतून बाहेर आलेला पाईप म्हणजे झाडाची ढोलीच वाटते. आत शिरले की पाईप खाली वळतो, आतून गुळगुळीत आणि तेलकट असतो, नखं रुतत नाहीत, आणि एवढ्याशा जागेत पंख पूर्ण उघडत नाहीत. अशा नळीतून सरळ वर उडणं बहुतेक पक्ष्यांना जमतच नाही. खाली चिमणीच्या तोंडाशी एक झडप असते, ती हवा बाहेर जाऊ देते पण बाहेरून काही आत येऊ देत नाही, म्हणजे पक्षी घरातही येऊ शकत नाही. मधेच अडकून बसतो. भूक, तहान आणि भीती, लहान पक्षी असा फार वेळ तग धरत नाही.

मालकांना फोन केला तर म्हणाले, अहो ताई, पक्षीच तो, जाईल आपोआप, सोमवारी माणूस पाठवतो. मी म्हटलं सोमवारपर्यंत तो जगणार नाही, आम्ही पाईप खोलतो, तर म्हणाले ॲग्रीमेंट बघा, फिटिंगला हात लावायचा नाही. खरंच तसं लिहिलेलं आहे, आम्हीच सही केलीय. चिमणीच्या एजन्सीकडे विचारलं तर ते म्हणाले मालकाची परवानगी आणा. रात्रभर थांबून थांबून तो आवाज येत होता, आणि पहाटे आवाज कमी झाला तेव्हा जास्त भीती वाटली. शेवटी रविवारी दुपारी मालकांचा मेसेज आला की तुमच्या जबाबदारीवर खोला.

खोलताना काय केलं ते सविस्तर लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल. किचनचं दार लावलं, एक खिडकी सताड उघडी ठेवली आणि बाकी सगळीकडे चादरी लावून अंधार केला, कारण घाबरलेला पक्षी उजेडाकडे जातो आणि काच त्याला दिसत नाही. चिमणीच्या वरची पाईपची क्लिप सोडवून पाईप अलगद टॉवेलवर टेकवला. ती उडाली नाही, नुसती चोच उघडी टाकून धापा टाकत बसली. हलका टॉवेल टाकून उचलली आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून झाकण लावलं. माझा पहिला विचार पाणी पाजायचा होता, पण पक्षी वाचवणाऱ्या एका कार्यकर्त्याने फोनवर सांगितलं की चोचीत अजिबात पाणी ओतू नका, पक्ष्यांच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ आत जातं. अंधार आणि शांतता हाच पहिला उपचार. तासाभराने खोकं खिडकीत उघडलं तर क्षणभर बसली आणि गेली. शेपटीला थोडं तेल होतं तेवढंच. पंख तेलाने माखलेले असतील तर मात्र सोडू नका, घरी धुवूही नका, पक्ष्यांच्या डॉक्टरकडे किंवा रेस्क्यूवाल्यांकडेच न्या.

शेकोटीची जुन्या पद्धतीची धुराडी असलेल्या घरातही हेच, फक्त तिथे पक्षी काजळीसकट खोलीत येतो. खाली आग पेटवून त्याला पळवायचा प्रयत्न कोणी करू नये, तो धुराने गुदमरून मरतो.

आणि पाईप काढण्याआधी ऐका की आत पिल्लं आहेत का. बाहेरून तासभर बघितलं तर आईबाप चोचीत किडे घेऊन ये-जा करताना दिसतात. तसं असेल तर जाळी लावायची नाही, चिमणी बंद ठेवायची आणि थांबायचं, चिमणी ह्या पक्ष्याची पिल्लं साधारण दोन आठवड्यांत उडतात, साळुंकीची तीन आठवड्यांच्या पुढेमागे. कायदाही ह्या बाजूने आहे. आपल्याकडच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरट्याला त्रास देणं हे येतं, ब्रिटनच्या 1981 च्या कायद्यातही वापरातलं घरटं मुद्दाम मोडणं गुन्हा आहे. म्हणजे 'काढून टाका ते' असं मालकाने सांगितलं तरी भाडेकरूने ऐकायचं नाही.

मालकांना हा पक्ष्यांचा लाड वाटत असेल तर गॅस गिझरचं बघा. त्याच्या धुराच्या नळीत घरट्याच्या काड्या अडकल्या तर कार्बन मोनॉक्साइड घरातच साठतो, त्याला वास नाही रंग नाही, झोपेत माणूस जातो. तिथे मनाने जाळी ठोकायची नाही, बसवणाऱ्या माणसाकडूनच योग्य टोपी लावून घ्यायची. किचनच्या चिमणीला मात्र बाहेरच्या तोंडावर टोपी आणि अर्ध्या इंचाची जाळी पुरते, फक्त तेलाने बुजते म्हणून ती मधून मधून साफ करावी लागते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही जाळी घर भाड्याने द्यायच्या आधी मालकाने लावावी, चावी देताना ती दाखवावी, साफसफाई भाडेकरूने करावी, आणि ॲग्रीमेंटमध्ये एक ओळ असावी की जिवंत प्राणी अडकला तर भाडेकरू लगेच फिटिंग खोलू शकतो, मालकाला फक्त कळवायचं. ॲग्रीमेंटचे मसुदे बनवणाऱ्यांनी ही ओळ टाकली तर आमच्यासारख्यांची रात्र अशी जाणार नाही, आणि तो पक्षीही जगेल.

आमच्याकडे आता जाळी लागलीय, मालकांनीच लावून दिली. शेजारचा फ्लॅट रिकामा आहे, त्याच्या पाईपला काहीच नाही आणि तिथे साळुंक्यांची जोडी चार दिवस काड्या घेऊन येतेय. तिथे नवीन भाडेकरू येण्याआधी त्या मालकांना हे कळावं म्हणून दोनदा फोन केला, अजून उचललेला नाही.

आपली,
एक भाडेकरू वाचक