रस्ते रिकामे झाले, अपघात मात्र जीवघेणे झाले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘टाळेबंदीत निदान अपघात तरी कमी झाले’ हे वाक्य करोनाच्या आठवणी निघाल्या की हमखास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रात ३२,९२५ अपघात झाले आणि त्यांत १२,७८८ माणसे गेली. २०२० मध्ये अपघात २४,९७१ वर आले, मृत्यू मात्र ११,५६९. अपघात २४ टक्क्यांनी घटले, मृत्यू १० टक्क्यांनीही नाहीत. शंभर अपघातांमागे आधी ३९ जण दगावत होते, त्या वर्षी ४६. साथीच्या धावपळीत किरकोळ धडकांची नोंद कमी झाली असेल, हे मान्य. पण २०२१ मध्ये अपघात २९,४७७, म्हणजे २०१९ पेक्षा कमीच असताना मृत्यू १३,५२८ वर गेले. मृत्यूची नोंद सहसा सुटत नाही, त्यामुळे ही वाढ नोंदीच्या त्रुटीवर ढकलता येणार नाही. अमेरिकेतही २०२० मध्ये एकूण प्रवास दहा टक्क्यांहून अधिक घटला, तरी रस्त्यावरचे मृत्यू ३६ हजारांवरून ३८ हजारांच्या पुढे गेले.

पहिले कारण वेग. आपल्या शहरांत वेग आवरते ती गर्दी. पाटीकडे पाहून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलणारे थोडे. गर्दी हटली की तोच रुंद, सरळ रस्ता सुसाट जायला मोकळा होतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटार कोरड्या डांबरावर, चालकाला भान यायला एक सेकंद धरला तर, साधारण ३७ मीटरमध्ये थांबते. ८० ने जाणारीला ५७ मीटर लागतात. वेग एकतृतीयांशाने वाढला, पण धडकेतली ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५० च्या वेगाने धडक बसलेला पादचारी दगावण्याची शक्यता वीस टक्क्यांच्या आत असते, ८० ला ती साठच्या जवळ पोचते. टाळेबंदीत रस्त्याने कोण चालत होते, हेही आठवावे. गावाकडे निघालेले मजूर महामार्गाच्या कडेने रात्री चालत होते, ट्रक-टेम्पोत दाटीवाटीने बसत होते. १६ मे २०२० रोजी उत्तर प्रदेशात औरैयाजवळ त्यांतले किमान २४ जण एकाच अपघातात गेले.

त्यातच पोलीस नाकाबंदीत गुंतले आणि संसर्गाच्या भीतीने मद्यपींच्या तपासणीची श्वासयंत्रे बाजूला ठेवली गेली. मुंबईची लोकल सर्वसामान्यांना बराच काळ बंद होती. बसमध्ये बसायची धास्ती होती, म्हणून अनेकजण दुचाकीकडे वळले. देशातल्या अपघाती मृतांमध्ये २०१९ मध्ये दुचाकीवरचे सुमारे ३७ टक्के होते, २०२१ मध्ये ते प्रमाण ४४ टक्क्यांच्या पुढे गेले.

वाहनांच्या पासिंगकडे तर कुणी पाहिलेच नाही. १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेल्या परवान्यांना आणि योग्यता प्रमाणपत्रांना केंद्राने मुदतवाढीमागून मुदतवाढ दिली, ती थेट ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. आरटीओ बंद असताना कागदाला सवलत देणे रास्तच होते, पण झिजणारे भाग कागद पाहून थांबत नाहीत. उभ्या गाडीच्या टायरची हवा दरमहा एक-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) उतरते, भार एकाच जागी पडून टायर तिथे चपटा होतो, बाजूला चिरा जातात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. मग घाटात सतत ब्रेक दाबून ते तापले की त्यात वाफ धरते आणि पेडल नुसतेच खाली जाते. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; त्या हवेच्या टाकीत पाणी साचते. म्हणून महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी बाहेर काढताना हवा भरावी, टायरवरचा निर्मितीचा चार आकडी शिक्का वाचावा (२३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा), ब्रेक ऑइलला दोन वर्षे झाली असतील तर बदलावे, ट्रक असेल तर हवेच्या टाकीतले पाणी सोडावे आणि मोकळ्या जागी कमी वेगात तीन-चार वेळा ब्रेक दाबून पाहावा.

जखमी झालेल्याची अवस्था सर्वांत बिकट होती. रुग्णवाहिका करोना रुग्णांच्या फेऱ्यांत, अपघात विभागाच्या खाटा विलगीकरणात आणि रक्तदान शिबिरे बंद पडल्याने रक्तपेढ्या कोरड्या. पोटात रक्तस्राव होत असलेल्या माणसाला पहिल्या तासात शस्त्रक्रियेचे टेबल मिळाले नाही, तर एरवी वाचणारा जीवही जातो.

साथरोगाच्या आराखड्यात म्हणूनच काही गोष्टी आताच लिहून ठेवायला हव्यात. प्रत्येक जिल्ह्यात एक अपघात उपचार केंद्र आणि काही रुग्णवाहिका साथीच्या कामातून पूर्ण वगळाव्यात. वेग टिपणारे कॅमेरे पहिल्या दिवसापासून चालू राहावेत; त्यांना संसर्ग होत नाही. रात्रीच्या नाकाबंदीच्या अडथळ्यांवर परावर्ती पट्ट्या आणि बऱ्याच आधी सूचनाफलक असावेत. मुदतवाढ कागदाला द्यावी, पण मालवाहू गाड्यांचे ब्रेक, टायर आणि दिवे उघड्यावर तपासत राहावे. त्याला दहा मिनिटे पुरतात. आणि परिवहन विभागाने दरमहा अपघातांच्या संख्येशेजारी शंभर अपघातांमागचे मृत्यूही जिल्हावार जाहीर करावेत. साथ नसतानाही, कारण विरळ वाहतुकीच्या समृद्धी महामार्गावर हाच आकडा आधी पाहावा लागतो.

आपला,
एक वाहतूक अभियंता, पुणे