संस्थेची वेबसाइट आणि तुझं बिल

मिरज

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की वेबसाइटच्या बिलाचं बोलणं निघताच संस्थेचे सचिव म्हणाले, 'समाजकार्य आहे, जरा समजून घ्या.' ताई, हे वाक्य मी खिळ्यांची, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवून, छपाई होती तेव्हापासून आपल्या प्रेसच्या काउंटरवर ऐकत आलोय. वार्षिक अहवाल असो, पावतीपुस्तकं असोत की रौप्यमहोत्सवाची स्मरणिका, कागदवाला त्यांना समजून घेत नाही, शाईवाला घेत नाही, वीजबिल तर नाहीच नाही. समजून घ्यायचं ते छापणाऱ्यानं. आता तुझा नंबर लागलाय, आणि तुझ्या कामात तर कागदसुद्धा दिसत नाही, म्हणजे खर्च कसला, असंच त्यांना वाटणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की दान आणि धंदा एकात एक मिसळू नकोस. बिल पूर्ण दरानं कर. सवलत द्यायची तर ती बिलावरच वेगळ्या ओळीत दाखव: मूळ रक्कम एवढी, संस्थेसाठी सूट एवढी, देय एवढी. गुपचूप कमी केलेला दर पुढच्या वर्षी मूळ दर होऊन बसतो, आणि सचिव शेजारच्या संस्थेलाही तोच आकडा सांगतात. खरंच काही द्यावंसं वाटलं, तर बिलाचे पैसे जमा झाल्यावर देणगीचा चेक लिही. फुकट केलेल्या कामाची ८०-जीची, म्हणजे करसवलतीची, पावती मिळत नाही, ती पैशाच्या देणगीलाच मिळते. (नव्या करपद्धतीत असशील तर त्या पावतीचा तुला उपयोग नाही, पण देणगी ही देणगीच.)

आणि संस्थेकडे पैसे नसतात असं समजू नकोस. असतात, पण ते खान्याखान्यांत विभागलेले असतात. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी दिलेला, पैसा ज्या प्रकल्पाला आला, त्यावरच खर्च करायचा. परदेशी देणगी असेल, तर त्यातला कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या पुढे जाता कामा नये. २०२० च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा ५० टक्के होती. म्हणून पहिल्या बैठकीत बजेट किती हे विचारण्याआधी विचार, 'हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकणार?' प्रचार-प्रसार, दस्तऐवजीकरण, असं काहीतरी खातं निघतंच. बिलातला मजकूर त्या खात्याला जुळेल असा, पण खरा लिही. सगळं एकाच 'वेबसाइट' या ओळीत कोंबू नकोस. अहवालाची मांडणी वेगळी, देणगीचं पान वेगळं, वर्षभराची देखभाल वेगळी. ऑडिटर खूश, सचिव खूश, आणि कशाकशाचे पैसे घेतलेस ते पुढच्या वर्षी तुलाही आठवेल.

अशा संस्थांचं काम येईल ते बहुधा फेब्रुवारीत, धावतपळत. संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्ची दाखवायचे असतात, आणि ३१ मार्च जवळ आला की हे सगळ्यांना एकदम आठवतं. आपल्या प्रेसमध्ये मार्चमध्ये रात्रपाळी का चालायची, हे तुला लहानपणी कळत नव्हतं. त्या दिवसांत निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय हात लावू नकोस. आगाऊ मागितलं म्हणून कुणी रागावून गेलं, तर तो माणूस उरलेल्या पैशांसाठी तुला किती फिरवणार होता ते समजून घे.

आता उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी, नोंदणी. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते; पैसे मागणारे दलाल नेटवर पुष्कळ आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस. काम सुरू करायच्या आधी नोंदणी झालेली पाहिजे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात घेणाऱ्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत, मग करारात काहीही लिहिलेलं असो. कुणाला नोटीस पाठव असं मी म्हणत नाही. उद्यम क्रमांक बिलावर छापलेला असला, की हिशोबनीस जरा लवकर चेक लिहितो. बिलावर संस्थेचं नाव नोंदणी दाखल्यावर आहे तसंच लिही, लोकांच्या तोंडी आहे तसं नको. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, बहुधा १० टक्के कापतील. कापला म्हणून कटकट करू नकोस, पण तो तुझ्या पॅनवर भरला की नाही, हे वर्षाअखेर तपासून बघ. उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर तुला जीएसटी नाही, तेव्हा बिलात तो लावूही नकोस.

देणगीच्या बटणाबद्दल तू सहज बोललीस, पण ते सहज घेण्यासारखं नाही. परदेशी देणगी घ्यायला लागते ती सरकारी नोंदणी या संस्थेकडे नाही, आणि अध्यक्षांचा पुतण्या न्यूजर्सीहून पैसे पाठवायला उत्सुक आहे. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल, तर तो कुठेही राहत असला तरी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय ठरत नाही. अमेरिकेचा नागरिक झाला असेल, तर ठरते, मग नाव-आडनाव कितीही आपलं असो. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं त्या ओसीआय कार्डानंही सुटका होत नाही. म्हणून फॉर्मवर पॅनच्या रकान्याबरोबर नागरिकत्वाचा रकाना ठेव, आणि पेमेंट गेटवेवर परदेशी कार्डं बंद करून घे. पैसे एकदा खात्यात आले की निस्तरायला संस्थेला फार जड जातं, आणि बोट मात्र बटण लावणारीकडे दाखवलं जातं.

बालगृहातल्या मुलांचे फोटोही तुला ढिगानं येतील, वाढदिवसाच्या केकसकट. ते लावू नकोस. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. नाव, शाळा, फोटो, काहीच नाही. देणगीदाराला चेहरे आवडतात हे खरं. त्याला मुलांनी रंगवलेली भिंत दाखव, भाकऱ्यांची चळत दाखव, हिशोब दाखव. हिशोब दाखवणाऱ्या संस्था इतक्या कमी आहेत, की तेवढ्यानंच तुझी साइट उठून दिसेल.

आता माझ्या प्रांतातलं थोडं. जुने अहवाल श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये, आहेत, ते युनिकोडमध्ये बदलून घेतलेस, छान. पण मी तुझी चाचणीची साइट वाचली. बदलताना 'ऱ्या' जागोजागी 'र्या' झालाय. 'दुसर्या वर्षी' हे वाचणारा समजून घेईल. पण खर्चाच्या तक्त्यात 'आचाऱ्यांचे मानधन' होतं, तिथे 'आचार्यांचे मानधन' झालंय. स्वयंपाकीणबाईंना संस्थेनं आचार्यपद दिलं याचा मला आनंदच आहे, पण ऑडिटर विचारेल. कन्व्हर्टरवर विसंबू नकोस. छापील प्रत हातात घे आणि ओळ न् ओळ ताडून बघ, जमल्यास एकानं मोठ्यानं वाचावं, दुसऱ्यानं बघावं. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतायत, तेवढे मराठी कर. पानाची भाषा मराठी नोंदवली आणि फाँट चांगला असला की होतं, असं तूच मला सांगितलं होतंस. आणि ओळींमधलं अंतर वाढव. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतायत. इंग्रजीला पुरतं तेवढं अंतर आपल्या लिपीला पुरत नाही.

मजकूर पक्का झाला की एकाच माणसाची लेखी संमती घे. आम्ही प्रूफवर सही घ्यायचो, तू ईमेल घे. कार्यकारिणीतले अकरा जण अकरा दुरुस्त्या सांगतात, आणि तिसऱ्या दुरुस्तीनंतर पहिलीच बरी होती असं ठरतं. किती फेऱ्या धरल्यात ते कोटेशनमध्येच लिही. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर घे; तुझ्या नावावर नको, सचिवांच्या खासगी जीमेलवर तर मुळीच नको. कार्यकारिणी बदलते, भांडणं धर्मादाय आयुक्तांपर्यंत जातात, आणि पासवर्ड जुन्या सचिवांच्या खिशात राहतो. काम संपल्यावर सगळे तपशील छापून पाकिटात घाल आणि इतिवृत्ताच्या वहीबरोबर कपाटात ठेवायला दे, पोच घेऊन. गिऱ्हाईक परत यावं म्हणून किल्ली आपल्याकडे ठेवणारे तुझ्या धंद्यात बरेच आहेत म्हणतात. तू त्यातली होऊ नकोस.

दुसरं काम मात्र मला फार आवडलं. सतारमेकर गल्लीतल्या आपल्या ओळखीच्या तंबोरेवाल्यांचं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून बाहेरून चौकशा वाढल्यात, आणि ते बिचारे तारांखालच्या घोडीची जवारी घासता घासता व्हॉट्सॲपवर तीच तीच उत्तरं टाइप करतात. भोपळा कुठला, लाकूड कुठलं, बायकांच्या पट्टीचा हवा की पुरुषांच्या, विमानानं पाठवला तर फुटेल का. त्यांना वेबसाइट नकोय, हे प्रश्न थांबायला हवेत. साइट त्या प्रश्नांचीच कर. पंढरपूरकडचा भोपळा, तूनचं लाकूड, पेटीत कसा बसवतात त्याचे फोटो. आणि प्रत्येक पट्टीच्या तंबोऱ्याचा आवाज, दुपारी गल्ली शांत असताना टिपलेला, मागे संगीत-बिंगीत काही न घालता. त्यांचा फोटो काढताना सदरा बदलायला सांगू नकोस, सांगितलंस तर ते लग्नातला कोट घालून बसतील.

त्यांच्याकडून पैसे मी घेऊन ठेवावेत असं तू म्हणालीस, ते मला जमणार नाही. ते माझ्याकडे बघून कमी देतील आणि मी गप्प बसेन. बिल तूच पाठव, तुझ्या नावानं.

संस्थेचं कोटेशन टाकायच्या आधी मला पाठव; आकडे बघत नाही, शुद्धलेखन बघतो. आई म्हणतेय की दिवसभर खुर्चीत बसू नकोस, आणि शनिवारी येणार असशील तर आधी कळव.

तुझे,
बाबा