बिडवईंवर एक व्याख्यान व्हावे

महोदय,

२३ जून हा पत्रकार प्रफुल्ल बिडवई यांचा स्मृतिदिन. २०१५ साली ॲमस्टरडॅममध्ये त्यांचे निधन झाले. मे १९९८मध्ये पोखरणच्या अणुस्फोटांनंतर देशभर पेढे वाटले जात असताना, आयआयटी मुंबईत शिकलेला हा माणूस बॉम्बने देश सुरक्षित होत नाही, असे ठणकावून लिहीत होता. आणि नुसते लिहून थांबला नाही. लेखक-अभ्यासक अचिन वनाईक यांच्यासह त्यांनी अण्वस्त्रविरोधी चळवळ उभी केली. दोघांना २००० साली शॉन मॅकब्राइड शांतता पुरस्कार मिळाला. पुढे कोकणातील जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पालाही त्यांनी विरोध केला.

आम्ही देवळालीकर. तोफांच्या सरावाने इथली तावदाने थरथरतात, शेजारीपाजारी जवानांची कुटुंबे राहतात. सीमेवर तणाव वाढला की त्या घरांतला टीव्ही रात्री उशिरापर्यंत बंद होत नाही. वाहिन्यांवर मात्र युद्ध म्हणजे क्रिकेटचा सामना असल्यासारखी चर्चा रंगते. अशा वेळी बिडवईंची फार उणीव भासते.

गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेत यंदा एक पुष्प त्यांच्या लेखनावर गुंफावे, ही आयोजकांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, देवळाली कॅम्प, नाशिक