न पाहिलेले साहेब

चि. केतकी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच आधी ठेवला, त्याबद्दल क्षमा कर. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. चार महिन्यांत ज्यांना तू एकदाही समोरासमोर पाहिले नाहीस, त्या तुझ्या साहेबांवर नाही.

रात्री त्या कंपनीचे संकेतस्थळ पुन्हा उघडले. ‘वीस वर्षांचा अनुभव’ म्हणतात, पण डोमेनची नोंदणी गेल्या वर्षीची निघाली. संचालकांपैकी एका बाईंच्या दोन कानांत दोन तऱ्हेची कर्णफुले आहेत आणि चष्म्याची काडी मध्येच केसांत विरून गेली आहे. संगणकाने रचलेल्या चेहऱ्यांत अशा चुका राहून जातात, हे मला धाकट्याने शिकवले.

लंडनच्या मॅडबर्ड या डिझाइन कंपनीची हकिकत वाच. कोरोनाच्या काळात तिने ५० हून अधिक माणसे घरबसल्या कामाला लावली. वरिष्ठांपैकी किमान सहा जण अस्तित्वातच नव्हते. सहसंस्थापक म्हणून लावलेला फोटो प्रागमध्ये मधमाश्यांच्या पेट्या बनवणाऱ्या एका गृहस्थांचा होता. बीबीसीने २०२२ मध्ये हे उघडकीस आणले. कामाला लागलेली माणसे मात्र खरी होती, आणि त्यांच्याच खऱ्या नावांमुळे, ओळखींमुळे बाहेरच्यांना कंपनी खरी वाटत राहिली. एकच माणूस तीन नावांनी पत्रे लिहू शकतो, खोटी नावे एकमेकांची तोंडभरून शिफारस करू शकतात, साहेबांचा कॅमेरा ऐन वेळी बिघडू शकतो. पण तेवढ्यावर फार काळ निभत नाही, कोणीतरी खरे माणूस पुढे करावेच लागते. ते माणूस तू तर नाहीस ना?

पुन्हा व्याख्यान झाले. काय करू? अण्णाकाकांच्या योजनेत लोकांनी पैसे काकांकडे नव्हे, माझ्याकडे पाहून दिले होते. माणसे दाराशी आली, तेव्हा ‘बाबा घरी नाहीत’ असे सांगायला मी तुला पढवले आणि नऊ वर्षांची तू म्हणालीस, “बाबा आत आहेत, पण बाहेर येणार नाहीत.” त्या दिवशी मी तुझ्यावर चिडलो होतो. आज तीच गोष्ट मी अभिमानाने सांगतो आणि तिचीच मला धास्तीही वाटते, कारण तुझ्या शब्दावर कोणीही डोळे मिटून विश्वास ठेवील.

नोकरी सोड असे म्हणत नाही. कंपनीचा नोंदणी क्रमांक मागून सरकारी नोंदीत तपास, आणि तोवर मैत्रिणीला तिथे लावून देऊ नकोस. साहेब प्रत्यक्ष भेटले, तर मला लगेच कळव. मी त्यांची माफी मागेन.

तुझा,
बाबा